क्यूजीआयएसमध्ये जीएफएस आणि इन्सॅट एकाच नकाशावर: आधी जुळवाजुळव, मग रंग

खाली इन्सॅट या भारतीय उपग्रहाने टिपलेले ढग, त्यावर जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलने वर्तवलेला पाऊस आणि वारा, असा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या तासात तयार होतो. तो बरोबर आहे की नाही, हे मात्र नुसतं बघून कळत नाही. ढगांचं चित्र अडीचशे किलोमीटर दक्षिणेला सरकलेलं असतं, पाऊस सहा तासांचा असतो आणि ढग एका क्षणाचा, एका थराचं तापमान सेल्सिअसमध्ये असतं आणि दुसऱ्याचं केल्व्हिनमध्ये. तरीही नकाशा देखणा दिसतो. म्हणून रंगसंगतीच्या आधी वेळ, जागा आणि एकक या तीन गोष्टी पक्क्या करायच्या. बहुतेक चुका इथेच होतात आणि त्या कुठलाही एरर मेसेज देत नाहीत.

हवामानासाठीच बनवलेली आयडीव्ही, मॅकआयडीएएस-व्ही, पॅनॉप्ली अशी सॉफ्टवेअर आहेत. तरी क्यूजीआयएस निवडण्याचं कारण साधं आहे: तालुक्यांच्या सीमा, धरणांची पाणलोट क्षेत्रं, नद्या हे सगळे थर त्यात सहज टाकता येतात, आणि पावसाचा अंदाज शेवटी कोयनेच्या किंवा भातसाच्या पाणलोटावरच बघायचा असतो. पॅनॉप्लीसुद्धा संगणकावर असू द्या. फाइलमध्ये नेमकं काय आहे हे बघायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. क्यूजीआयएसची आवृत्ती ३.१४ किंवा त्यापुढची हवी, कारण काळाप्रमाणे थर हलवणारा टेम्पोरल कंट्रोलर तेव्हापासून आला.

मॉडेलची फाइल आणताना

जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं: ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे). पाव अंशाच्या जाळीवरचं फलित पहिल्या १२० तासांसाठी दर तासाला आणि पुढे ३८४ तासांपर्यंत दर तीन तासांनी मिळतं. ०० यूटीसीचा रन (मॉडेलची फेरी) साधारण साडेतीन तासांनी, म्हणजे आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारास, सर्व्हरवर उतरायला लागतो.

पूर्ण फाइल उतरवू नका. पाव अंशाच्या जागतिक जाळीत १४४० गुणिले ७२१, म्हणजे दहा लाखांहून जास्त बिंदू असतात. त्याचा मेश लेयर (जाळीच्या बिंदूंवरून रंग भरणारा थर) केला की क्यूजीआयएस प्रत्येक झूमला अडकतं. मॉडेलच्या फाइली ग्रिब या स्वरूपात असतात. त्यातला हवा तेवढाच भाग काढून देणारा ग्रिब फिल्टर अमेरिकी हवामान खात्याच्या नोमॅड्स संकेतस्थळावर आहे. त्यात रेखांश ६० ते ९५ आणि अक्षांश ० ते ३५ द्या. जाळी १४१ गुणिले १४१ होते, वीस हजारांच्या आत बिंदू. अरबी समुद्र, बंगालच्या उपसागराचा बराचसा भाग आणि सोमालियाकडून येणाऱ्या प्रवाहाचा आपल्या बाजूचा पट्टा यात येतो. चलांपैकी ८५० हेक्टोपास्कलवरचे (सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचे) वाऱ्याचे दोन्ही घटक, समुद्रसपाटीचा दाब, एकूण पर्जन्य आणि पर्जन्याचा दर एवढं सुरुवातीला पुरे. वाऱ्याचे यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) दोन्ही घटक घ्यायलाच हवेत. एकच घेतला तर क्यूजीआयएस त्याला साधा आकडा समजतं आणि बाणाचं चिन्ह दिसतच नाही.

प्रत्येक तासाची फाइल वेगळी येते. ग्रिबमधला प्रत्येक संदेश स्वतंत्र असल्यामुळे फाइली एकापाठोपाठ एक चिकटवल्या तरी चालतं. लिनक्सवर कॅट आदेशाने हे होतं. विंडोजवर कॉपी आदेश वापरताना बायनरीचा स्लॅश-बी पर्याय विसरू नका. तो नसेल तर विंडोज फाइलींना मजकूर समजून जोडतं आणि शेवटाच्या खुणेसारखा दिसणारा पहिला बाइट भेटला की ती फाइल तिथेच कापतं. मग नकाशात मधले काही तास गायब असतात आणि दोष मॉडेलला दिला जातो.

जोडलेली फाइल लेयर मेनूतून मेश लेयर म्हणून उघडा. लेयरचा सीआरएस, म्हणजे निर्देशांक पद्धती, हाताने ईपीएसजी ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) करा. जीएफएस पृथ्वीला ६३७१.२२९ किलोमीटर त्रिज्येचा शुद्ध गोल मानतं. या गोलाचं लंबवर्तुळात रूपांतर करण्याचा प्रयत्न एखाद्या टप्प्यावर झालाच, तर मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १३ किलोमीटरचा फरक पडतो. मॉडेलचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे वापरायचे, रूपांतर करायचं नाही.

मेश लेयर दोन बिंदूंच्या मधली जागा स्वतः भरून गुळगुळीत रंग दाखवतो. हा गुळगुळीतपणा फसवा आहे. तीच फाइल एकदा रास्टर (चौकोनी पिक्सेलचा थर) म्हणून उघडून खरे चौकोन बघा. मुंबई ते लोणावळा या अंतरात जेमतेम दोन चौकोन बसतात. किनारा, भिवपुरीचा पायथा आणि बोरघाटाचा माथा हे सगळं दोन आकड्यांत! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे ७४. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतलं अंतर पाव अंशापेक्षाही कमी आहे. मेशवरचा सुंदर उतार बघून दादरला इतका आणि अंधेरीला तितका असं वाचायला जाऊ नका. तेवढी माहिती फाइलमध्ये नसतेच.

पावसाचा हिशेब

सर्वात जास्त गोंधळ इथे आहे. जीएफएसमधलं एकूण पर्जन्य हे साठत जाणारं असतं आणि दर सहा तासांनी ते भांडं रिकामं होतं. तिसऱ्या तासाच्या फाइलमध्ये ० ते ३ तासांचा पाऊस, सहाव्या तासाच्या फाइलमध्ये ० ते ६ चा, नवव्यामध्ये पुन्हा फक्त ६ ते ९ चा आणि बाराव्यामध्ये ६ ते १२ चा. शून्याव्या तासाच्या फाइलमध्ये पाऊस नसतोच, तिथे शोधू नका.

तीन-तीन तासांच्या फाइली क्यूजीआयएसमध्ये टाकल्या की तीन तासांचा पाऊस आणि सहा तासांचा पाऊस असे दोन वेगळे गट तयार होतात. पहिल्या गटात ३, ९, १५, २१ हे तास असतात आणि दुसऱ्यात ६, १२, १८, २४. एकच गट निवडून ॲनिमेशन चालवलं की त्या गटात मधल्या वेळांची स्वतःची किंमत नसते, त्यामुळे पाऊस एकसारखा पुढे सरकत नाही. फाइल बिघडलेली नसते, गटांची रचनाच तशी असते. शिवाय रनच्या सुरुवातीपासूनची बेरीज सांगणारी दुसरी नोंदही त्याच फाइलमध्ये असते. त्यामुळे गटांची यादी लांबते आणि चुकीचा गट निवडला जातो.

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३०, म्हणजे ०३ यूटीसी ते ०३ यूटीसी असतो. मॉडेलचा पाऊस वर्तमानपत्रातल्या किंवा विभागाच्या आकड्यांशी ताडून बघायचा असेल तर हीच खिडकी धरावी लागते. ०० यूटीसीच्या रनसाठी हिशेब असा: सहाव्या तासाच्या आकड्यातून तिसऱ्या तासाचा वजा करा, म्हणजे ३ ते ६ चा पाऊस मिळाला. त्यात बाराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या तासाच्या सहा-तासी नोंदी मिळवा. शेवटी सत्ताविसाव्या तासाची तीन-तासी नोंद मिळवा. सुरुवातीपासूनची बेरीज असलेली नोंद हाताशी असेल तर काम आणखी सोपं: सत्ताविसाव्या तासाची बेरीज वजा तिसऱ्या तासाची बेरीज. दोन्ही पद्धतींनी काढून उत्तर एकच येतंय का हे एकदा बघा. आलं नाही तर कुठलातरी बँड (फाइलमधली एक नोंद) चुकीचा घेतला आहे. रास्टर कॅल्क्युलेटरला फक्त बँडचा क्रमांक दिसतो. म्हणून लेयरच्या माहितीत प्रत्येक बँडचा कालावधी आणि वैध वेळ वाचूनच क्रमांक लिहा.

या २४ तासांच्या थराला हवामान विभागाच्याच पायऱ्या द्या: २.५ ते १५.५ हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. रंगांचं इंटरपोलेशन डिस्क्रीट (पायरीगणिक एकच रंग) ठेवा आणि २.५ च्या खाली पूर्ण पारदर्शक. याच पायऱ्या सहा तासांच्या पावसाला लावू नका. सहा तासांत ६० मिलिमीटर हा मोठा पाऊस आहे, नकाशा मात्र त्याला मध्यम म्हणेल.

जीएफएसचा पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये असतो, म्हणजे थेट मिलिमीटर. युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) खुल्या डेटात तो मीटरमध्ये असतो आणि रनच्या सुरुवातीपासून सलग साठत जातो. हजारने गुणल्याशिवाय तो थर कोराच दिसतो. त्या फाइलींचा आकार लहान करण्याची (कॉम्प्रेशनची) पद्धतही वेगळी आहे. क्यूजीआयएसची जुनी आवृत्ती त्यांचं नाव दाखवते आणि आकडे वाचू शकत नाही, तेव्हा आधी आवृत्ती बदला.

इन्सॅटची फाइल: जागा

इन्सॅट-३डीआर ८ सप्टेंबर २०१६ रोजी आणि इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडला गेला. ३डीआर विषुववृत्तावर ७४ अंश पूर्वेला आहे, जवळजवळ आपल्याच रेखांशावर. त्याच्या इमेजरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या उपकरणाला, सहा वाहिन्या आहेत. दृश्य आणि लघु-अवरक्त १ किलोमीटरच्या, मध्य-अवरक्त आणि दोन औष्णिक अवरक्त ४ किलोमीटरच्या, आणि बाष्पाची ८ किलोमीटरची. रात्रंदिवस चालणारी म्हणून पहिली औष्णिक वाहिनी, टीआयआर-१, इथे धरू. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मॉसडॅक या संकेतस्थळावर नोंदणी केली की एचडीएफ-५ स्वरूपात फाइली मिळतात. एल-१सी प्रकारची, आशियाच्या मर्केटर प्रक्षेपातली (गोल पृथ्वी सपाट मांडण्याची एक पद्धत) फाइल घ्या.

ती क्यूजीआयएसमध्ये रास्टर म्हणून उघडली की चित्र दिसतं, पण नकाशावर त्याला जागा नसते. अशा वेळी सोपा वाटणारा उपाय म्हणजे फाइलच्या गुणधर्मांतले चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश ट्रान्सलेट साधनात टाकून सीआरएस ४३२६ देणं. वरची आणि खालची कड जुळते, डावी-उजवी जुळते आणि काम झालं असं वाटतं. पण मर्केटरमध्ये चित्राच्या ओळी अक्षांशात समान अंतरावर नसतात, उत्तरेकडे त्या दाटत जातात. चित्राचा पट्टा १० दक्षिण ते ४५.५ उत्तर असा धरला तर १९ उत्तरेवरची मुंबई या चुकीच्या बसवणीत १६.६ च्या आसपास येते, म्हणजे विजयदुर्गाजवळ. रेखांश बरोबर असतात, त्यामुळे कोकणचा उभा किनारा वरवर पाहता जुळलेलाच दिसतो. म्हणूनच ही चूक ओळखायला कोकण बघू नका. खंबातचं आखात आणि काठेवाडचं टोक बघा. निरभ्र दुपारी तापलेली जमीन आणि थंड समुद्र यांची रेघ टीआयआर-१ मध्ये तिथे स्पष्ट दिसते. उन्हाळ्यातली एखादी निरभ्र फाइल फक्त या तपासणीसाठी बाजूला ठेवावी. जुलैच्या चित्रात किनारा दिसतच नाही.

योग्य रीत अशी. सेटिंग्जमधल्या कस्टम प्रोजेक्शनमध्ये मर्केटर प्रक्षेप बनवा. प्रमाण अक्षवृत्त १७.७५, मध्य रेखांश ७७.२५, लंबवर्तुळ डब्ल्यूजीएस ८४. हे आकडे फाइलमधल्या प्रक्षेपाच्या माहितीतच असतात, तिथून ताडून घ्या. मग फाइलमधले एक्स आणि वाय हे मीटरमधले तक्ते उघडून त्यांची पहिली आणि शेवटची किंमत घ्या. या किमती पिक्सेलच्या मध्याच्या असतात आणि ट्रान्सलेटला कडा हव्या असतात. म्हणून चारही बाजूंनी अर्धा पिक्सेल, साधारण २ किलोमीटर, बाहेर सरकवा. प्रमाण अक्षवृत्ताची जागा शून्य राहिली तर चित्र विषुववृत्ताकडे आक्रसतं आणि मुंबई श्रीवर्धनच्या आसपास दिसते. चूक पहिल्यापेक्षा लहान आहे, म्हणून ती जास्त दिवस लपून राहते.

इन्सॅटची फाइल: एकक

टीआयआर-१ च्या चित्रात ० ते १०२३ असे आकडे असतात. ते तापमान नाही, संवेदकाची गणना आहे. तापमान काढायला त्याच फाइलमध्ये १०२४ नोंदींचा तक्ता असतो. पिक्सेलमधला आकडा हा त्या तक्त्यातला क्रमांक, आणि तिथे लिहिलेली किंमत हे केल्व्हिनमधलं तेजस्विता तापमान, म्हणजे उपग्रहाला दिसणारं ढगमाथ्याचं किंवा जमिनीचं तापमान. रिक्लासिफाय साधनात १०२४ ओळी भरण्यापेक्षा क्यूजीआयएसच्या पायथन कन्सोलमध्ये नमपाय या गणिती लायब्ररीने तक्त्याला चित्राचा निर्देशांक द्या, एका ओळीत होतं. रिकाम्या जागेची किंमत आधी वेगळी काढा, ती तक्त्यात शोधली तर कडेला भलतेच तापमानाचे पट्टे येतात. तक्ता प्रत्येक फाइलमधून नव्याने वाचा. कालच्या फाइलचा तक्ता आजच्या चित्राला लावू नका.

आता दुसरी बाजू. क्यूजीआयएस ज्या लायब्ररीच्या आधारे ग्रिब वाचतं ते जीडॅल तापमान आपणहून केल्व्हिनमधून सेल्सिअसमध्ये बदलतं. जीएफएसच्या मूळ फाइलमध्ये केल्व्हिन असलं तरी नकाशात सेल्सिअस दिसतं. इन्सॅटच्या थरात मात्र केल्व्हिनच राहतं, कारण ते तुम्ही तक्त्यातून काढलेलं असतं. मॉडेलचं तापमान आणि उपग्रहाचं तापमान वजा करताना २७३ चा खड्डा पडतो तो यामुळे. ग्रिबचं एकक बदलण्याचा पर्याय जीडॅलच्या सेटिंगमध्ये बंद करता येतो. काहीही करा, पण दोन्ही थर एकाच एककात आहेत हे आयडेंटिफाय साधनाने एका बिंदूवर टिचकी मारून बघा.

इन्सॅटच्या थराला राखाडी छटाच द्या, उलट्या क्रमाने: ३०० केल्व्हिनला गडद, २०० ला पांढरा. रंग फक्त २३५ केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे ३८ सेल्सिअसपेक्षा थंड माथ्यांना. रिसॅम्पलिंग निअरेस्ट ठेवा. सरासरी घेतली की लहान, उंच ढगांचे थंड माथे पुसले जातात आणि नेमके तेच बघायचे असतात.

वेळ

दोन्ही फाइलींच्या वेळा यूटीसीत असतात आणि टेम्पोरल कंट्रोलर त्या तशाच धरतो. सगळं यूटीसीतच ठेवा, साडेपाच तास एखाद्याच थरात मिळवण्याचा मोह टाळा. भारतीय वेळ फक्त शीर्षकात दाखवा: सजावटीतल्या टायटल लेबलमध्ये मॅप स्टार्ट टाइम या चलात ५ तास ३० मिनिटं मिळवणारं सूत्र लिहिलं की झालं. इन्सॅटच्या प्रत्येक रास्टरला गुणधर्मांतल्या टेम्पोरल टॅबमध्ये ठरावीक कालावधी द्या. ०६०० च्या फाइलला ०६:०० ते ०६:३०.

०६ यूटीसीच्या ढगांवर जीएफएसचा सहा तासांचा साठलेला पाऊस टाकला तर सकाळी साडेपाचपासून साडेअकरापर्यंतचा पाऊस साडेअकराच्या ढगांवर बसतो. तोवर ढग पुढे गेलेले असतात. अशा तुलनेसाठी पर्जन्याचा तात्कालिक दर घ्या आणि ३६०० ने गुणून मिलिमीटर प्रति तास करा. त्याच फाइलमध्ये सरासरी दरही असतो. माहितीत कालावधी नसलेली नोंद ती तात्कालिक.

थरांची रास

तळाशी राखाडी इन्सॅट, त्यावर पाऊस, मग दाबाच्या रेषा, वर वारा आणि सर्वात वर जिल्ह्यांच्या सीमा. पावसाच्या थराला अपारदर्शकता कमी करण्यापेक्षा ब्लेंडिंग मल्टिप्लाय करून बघा, ढगांचा पोत शाबूत राहतो. दाबासाठी ग्रिब रास्टर म्हणून उघडून कंटूर रेंडरर निवडा. जीएफएसचा दाब पास्कलमध्ये असतो. युरोपच्या सवयीने ४ हेक्टोपास्कलचं अंतर ठेवलं तर आपल्याकडे किनाऱ्यावर मोजक्याच रेषा येतात आणि किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा दिसतच नाही. अंतर १ हेक्टोपास्कल, म्हणजे १०० द्या. गुजरातपासून केरळपर्यंत रेषांना पडणारी वळी दिसायला लागतात. वाऱ्याचे बाण यूजर ग्रिडवर, ३० ते ४० पिक्सेल अंतरावर ठेवा, नाहीतर झूम कमी केल्यावर नकाशा काळा होतो.

आता सगळं जुळवूनही ढग आणि पाऊस एकमेकांवर बसले नाहीत तर? काही फरक खरे असतात. १५ किलोमीटर उंचीचा ढगमाथा ३डीआरला मुंबईवर सुमारे ६ किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो, कारण उपग्रह विषुववृत्तावरून तिरका बघतो. ४५.५ पूर्वेवरच्या मेटिओसॅट-९ या युरोपीय उपग्रहातून हाच सरकाव १२ किलोमीटरच्या आसपास जातो. १४०.७ पूर्वेवरचा जपानी उपग्रह हिमावारी मुंबईच्या क्षितिजापासून जेमतेम १२ अंशांवर असतो आणि तिथे सरकाव ६० किलोमीटरच्या पुढे, तोही पश्चिमेकडे. हिमावारीच्या चित्रात अरबी समुद्रावर दिसणारं वादळ जमिनीवर आलेलं असू शकतं. पश्चिम किनाऱ्यासाठी त्याचा आधार घेऊ नका.

दुसरा फरक सह्याद्रीचा. जुलैतला घाटावरचा पाऊस पुष्कळदा उथळ, उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो. वारा डोंगरावर चढतो आणि पाऊस होतो, ढगाला उंच जायची गरजच नसते. टीआयआर-१ मध्ये तिथे मळकट राखाडी दिसतं, २३५ च्या खालचा एकही रंग नाही, आणि मॉडेल जोरदार पाऊस सांगत असतं. अशा वेळी मॉडेल खोटं ठरवण्याआधी ८५० चा वारा बघा. तो पश्चिमेकडून जोरात आणि सह्याद्रीला काटकोनात येत असेल तर पर्जन्यमापकाचा आकडा येईपर्यंत थांबा. याउलट वरच्या थरातले पूर्वेचे वारे विदर्भातल्या वादळांचा पिंजलेला माथा पश्चिमेकडे ओढून नेतात. चित्रात पांढरं शुभ्र, खाली पाऊस नाही.

रोज तोच नकाशा हवा असेल तर प्रत्येक थराची शैली क्यूएमएल फाइलमध्ये जतन करा आणि नव्या फाइली त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये टाका. नव्या फाइलीनंतर मेश लेयरच्या टेम्पोरल टॅबमध्ये जाऊन संदर्भवेळ फाइलमधून पुन्हा वाचायला सांगा. प्रोजेक्टमध्ये जुनी संदर्भवेळ साठवलेली असते. ती तशीच राहिली तर आजचा पाऊस कालच्या तारखेखाली धावतो, आणि इन्सॅटचे आजचे थर मात्र आजच्याच तारखेला उगवतात.